भाईदासांच्या काचकपाटातले पुस्तक

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो, कातडी बांधणीचे. माझ्या पोटातले काव्य फार पुराणे, पण माझा जन्म १९५४ सालचा. पुण्याच्या एका छापखान्यात कारागिरांनी माझी पाने दोऱ्याने शिवली, तपकिरी कातडे चढवले आणि तापल्या ठशाने पाठीवर सोनेरी नाव उमटवले. आगगाडीने मी नंदुरबारला आले आणि तिथून बैलगाडीने ब्राह्मणपुरीला.

मला मागवणारे भाईदास कापूस आणि केळी पिकवत. लहानपणी वडील वारले तेव्हा त्यांची शाळा सुटली. ती हुरहूर त्यांच्या मनातून कधी गेली नाही. दर हंगामाला ते थोर ग्रंथाची अशी एखादी देखणी प्रत मागवत. आम्हा पुस्तकांसाठी त्यांनी काचेचे कपाट करवून घेतले होते. त्याची किल्ली ते कमरेच्या करगोट्याला बांधत. पाहुणे आले की आमचे कौतुक होई. दिवाळीत भाईदास आम्हाला मऊ फडक्याने पुसत आणि पुन्हा आत ठेवत.

"तुम्ही वाचतस का नही?" त्यांच्या पत्नी सुगंधाबाई विचारत.

"आते शेतीनं काम शे. म्हातारपणे निवांत वाचसू."

त्यांची मुलगी कोकिळा तेव्हा चौथीत होती. काचेला नाक लावून ती उभी राही. एकदा ती म्हणाली, "बापू, माले दे ना ते पुस्तक."

"नको बेटा, डाग पडी जाई," भाईदास मायेने म्हणाले.

मला फार वाटले, की तिने हट्ट करावा. तिने केला नाही. चौथीनंतर ती शाळेतून निघाली, कापूस वेचू लागली आणि पुढे लग्न होऊन तापीकाठच्या एका गावी गेली. तिच्या सासरी छापील असे काही नव्हतेच. होते ते एक कॅलेंडर.

वर्षे गेली. भाईदासांची नजर मंदावत चालली होती, पण त्यांनी ते अंगावर काढले. नंदुरबारच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तेव्हा उशीर झाला होता. गेलेली दृष्टी परत येणार नव्हती.

त्या हिवाळ्यात कोकिळा माहेरी आली. भाईदासांनी चाचपडत कुलूप उघडले, बोटांनी पाठीवरची अक्षरे ओळखली आणि मला तिच्या ओंजळीत ठेवले.

"वाच, बेटा. मी ऐकस."

कोकिळेने मला उघडले. पहिल्या ओळीवर तिचे बोट थांबले. एक अक्षर लागले, दुसरे लागले, जोडाक्षरापाशी ती अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. माझ्या पानावर टपकन पाणी पडले.

"बापू, माले आते वाचता येस नही. अक्षरं भुलाई गयात."

 भाईदासांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुन्हा दोष नही, माय. कुलूप मन्हं व्हतं."

त्यानंतर रोज दुपारी ती ओटीवर बसून अक्षर अक्षर लावत असे. एखादी ओळ पुरी झाली की भाईदास ती तोंडाने घोळवत. कसेबसे पहिले पान संपले आणि तिला न्यायला सासरचे आले. ती पुन्हा माहेरी आली, ती बापूंच्या दहाव्याला.

निघताना तिने मला मागितले. सुगंधाबाईंनी मान हलवली. "तेस्नी याद शे. घरमाच ऱ्हाऊ दे." त्यांचेही चुकले असे मी म्हणत नाही. रोज सकाळी त्या कपाटाला हळदकुंकू वाहतात, उदबत्ती ओवाळतात, आणि कुलूप नीट लागले आहे ना, हे ओढून पाहतात.

मित्रांनो, मला वाळवी लागलेली नाही, माझे सोनेही उडालेले नाही. इतके जपलेले पुस्तक तुम्ही क्वचितच पाहिले असेल. तरी तुमच्या घरी कुणी पुस्तक मागितले, तर त्याच दिवशी देऊन टाका. पाने फाटली तर डिंकाने चिकटवता येतात. कोकिळा मात्र माहेरी आली तरी कपाटासमोरून जाताना आता मान वर करत नाही.