गप्प बसलेला खासदार

माझा भाऊ ल्युशस वॉशिंग्टनला खासदार म्हणून गेला तो आमच्या जिवावर. माझ्या नवऱ्याने, एबनने, गुडघाभर बर्फातून घोडागाडी हाकत शेजारपाजाऱ्यांना मतदानाला नेलं होतं. बदल्यात आमचं मागणं एकच: रेल्वे कंपनी आमच्या जमिनींवर हक्क सांगतेय, तो मोडणारा कायदा कर बाबा.

विधेयक आलं. दोन्हीकडे समसमान मतं पडली, म्हणून ते बारगळलं. ल्युशस सभागृहात हजर होता आणि त्याने मतच दिलं नाही!

तोवर एबन वारला होता, आमच्याच शेतात त्याला पुरलं होतं. जमीन रेल्वेची ठरली, सोमवारी शेरीफ मला घराबाहेर काढणार होता, आणि शनिवारी हे महाशय इथे कॅन्सासला हजर, पुन्हा उमेदवारी मागायला. माझ्याच टेबलाशी बसून मक्याचा पाव हादडत होते.

"थर्झा, समजून घे गं. तिथला दुसरा एक खासदार, कर्नल विदर्बी, विरोधात मत देणार होता, पण त्याला त्या दिवशी बाहेर जायचं होतं. मग दोघांनीही मत द्यायचं नाही, असा मी त्याला शब्द दिला. तिथली रीतच आहे ती."

"बाहेर म्हणजे कुठे? बायको आजारी होती का त्याची?"

तो पाव चिवडत बसला.

"बदकांच्या शिकारीला."

माझं डोकंच सणकलं. "आणि आम्हाला दिलेला शब्द?"

"अगं, सभ्य माणसाला दिलेला शब्द मोडला तर तिथे तोंड दाखवायला जागा राहत नाही."

"मग आम्ही कोण रे? एबन तुझ्यासाठी बर्फात राबत होता, तेव्हा बरे सभ्य होतो आम्ही!"

"पुढच्या अधिवेशनात पुन्हा आणतो ना विधेयक. आज चारला शाळेत सभा आहे. तू माझ्याशेजारी बस. लोक तुला मानतात."

मी परसात गेले, कुदळ आणि फावडं आणलं, फावडं त्याच्या हातात दिलं. "एबनला परक्याच्या जमिनीत सोडून मी जाणार नाही. चल, खणायला लाग."

त्याने खिशातलं घड्याळ काढलं. "साडेतीन झाले गं," म्हणाला. फावडं भिंतीला टेकवलं, हॅट घातली आणि निघून गेला.

मी शेजारच्या हुल्डाला हाक मारली. माती दगडासारखी कडक होती. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा शाळेकडून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. ल्युशसला उमेदवारी मिळाली होती.

"आमचे हेही तिथेच टाळ्या वाजवताहेत," हुल्डा म्हणाली. सोमवारी तिचंही घर जाणार होतं.