जात्याचा खालचा दगड

"मेलेल्या लेकराला भेटायला जित्या लेकराला बुडवतीस का गं माय?" पंचशीला अशी कडाडली की तिच्या मांडीवरची तान्ही दचकून रडायलाच लागली. "काहील हाय ती! बोट न्हाई. उसाचा रस आटवायची काहील!"

"म्हाईत हाय मला," सरजाबाई म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. पदराच्या गाठीत मेणबत्ती आणि काडीपेटी बांधत राहिली.

"अडीचची गाडी हाय आमची."

"अडीचला लई येळ हाय. श्रीमंता, तू चलतूस का न्हाई तेवढं सांग."

श्रीमंत दाराबाहेरच्या दगडावर बसला होता. त्याचं डोकं सकाळपासून तापलेलं. आज तो गाव सोडून लातूरला निघाला होता. दाजी, म्हणजे पंचशीलाचा नवरा साहेबराव, तिथं कारकून. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला तशी नव्या कचेरीत कपाटं सरकवायला, फायली वाहायला माणसं लागत होती. दाजीनं रोजंदारीवर श्रीमंतचं नाव लावलं होतं. उद्या दहाला हजर नाही झाला तर दुसरा कोणी उभा होताच. नववीत मास्तरावर हात उगारून शाळा सोडलेल्या पोराला याहून मोठं काय मिळणार?

आणि मायचं काय, तर तलाव आटून वर आलेलं बेट.

तो ज्या दगडावर बसला होता तो जात्याचा वरचा दगड. खालचा दगड तलावात होता, जुन्या सावरीत, रतनच्या अंगावर. धरण झालं, जुनी सावरी पाण्यात जायची झाली, त्याच महिन्यात सरजाबाईचा तीन वर्षांचा रतन गोवरानं गेला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बापानं जात्याचा खालचा दगड त्याच्यावर ठेवला आणि वरचा गाडीत घालून नव्या सावरीला आणला. एका दगडानं दळण होत नाही. म्हणून तो पायरीला लागला.

श्रीमंत त्यानंतर तीन वर्षांनी झाला. लहानपणी त्या दगडाला ठेचकाळला की माय आधी दगडावरून हात फिरवायची, मग त्याच्या अंगठ्यावरून. शाळा सोडली त्या दिवशी ती म्हणाली होती, "रतन असता तर शिकला असता." त्या दिवशी श्रीमंतनं जेवणाचं ताट भिंतीवर मारलं होतं. तीन वर्षांचं पोर, त्याला अ आ तरी येत होतं का?

"त्याला पुरलं तवा कुणी काय म्हणलं न्हाई," सरजाबाई आता पंचशीलाला नाही, चुलीला सांगितल्यासारखी बोलली. "जुनं समदं सोडलं व्हतं आपुन. देव सोडले, पोतराज सोडला. नवं कुणालाच पाठ नव्हतं. तुझा बाप नुसता जयभीम म्हणला आन् माती लोटली. मुक्यानं गेलं लेकरू. आता मला येतंय त्रिशरण. तुझ्याच पुस्तकातून शिकले का न्हाई मी?"

पंचशीलानं पोरगी थोपटली.

"बहात्तरला बी उतरलं व्हतं पाणी," सरजाबाई म्हणाली. "तवा खडी फोडाया गेलो समदे. आता पुन्हा उतरलंय. पुन्हा कवा उतरंल? आन् हा तर चालला."

"चल," श्रीमंत उठला. "चल, एकदाची चल. पर अर्ध्या रस्त्यात रडलीस तर तिथंच सोडून यीन."

"मी पण येतो मामी," दाजी आतून आला. टेरिलिनची पँट, डोळ्यावर काळा चष्मा. "लातूरला कुठं असलं बघायला मिळतंय? बेट म्हणजे बेट!"

पंचशीलानं नवऱ्याकडं असं बघितलं की दुसरा असता तर खाली बसला असता.

काहील गुरुपादप्पाची. यंदा ऊस नाही, गुऱ्हाळ नाही, म्हणून त्यानं काहील तलावावर आणून टाकली होती. सुट्टीत आलेले पाहुणे जुनं गाव बघायला यायचे, त्यांना तो बेटावर सोडायचा. आज त्याच्या कमरेत उसण भरली होती. पण श्रीमंत महिनाभर त्याच्या हाताखाली काहील वल्हवत होता.

"कलेक्टर जवळ आला आन् पाऊस लांब गेला," अप्पा दाजीकडं बघून म्हणाला. "सांगा की तुमच्या सायबाला, एक आर्डर काढा म्हणावं."

"अप्पा, आमच्याकडं अजून खुर्च्या आल्या न्हाईत, पाऊस कुठला?" दाजी हसला.

"बरं, ऐका. चष्मा काढा न्हाईतर राहू द्या, पर जागा सोडायची न्हाई. बुडाला बसायचं, कडेवर बसायचं न्हाई. एक जण हलला की दुसऱ्यानं समोरून हलायचं. उभं ऱ्हायलं की संपलं. काहील माफ करत न्हाई. आन् हा तांब्या. रिबिटीच्या भोकांतून पाणी येतंय जरा, ते काढत ऱ्हावा."

"जरा म्हणजे?" दाजीनं विचारलं.

"जरा म्हणजे जरा."

काहील पाण्यात ढकलली तशी ती जागच्या जागी गोल फिरली. दाजीनं दोन्ही हातांनी कड धरली. श्रीमंतनं लांब बांबूनं तळ रेटला, मग फळी घेतली. गोल भांड्याला तोंड नसतं. डावीकडं ओढलं की उजवीकडं बघतं, पुढं रेटलं की मागं वळतं. त्याला महिनाभर शिव्या देत देत श्रीमंत शिकला होता.

पहिलं बेट जवळ होतं. मारुतीचा ओटा, दोन पडक्या भिंती, चिखलाला पडलेल्या भेगा. तिथं आधीच कोणी पाहुणे भेळ खात बसले होते. दाजी उतरून लांब टांगा टाकत ओट्यावर चढला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सरजाबाई मात्र ओट्याला वळसा घालून गेली. जुन्या गावात ती इकडं कधी आलीच नव्हती. गावात शिरायचं ते खालच्या अंगानं, ओढ्याकडनं. मारुतीचा ओटा लांबून दिसायचा, एवढंच. आज एकोणीस वर्षांनी ती गावात पहिल्यांदा वरच्या अंगानं आली होती. कपाळावर आडवा हात धरून ती बराच वेळ उभी राहिली.

"ते," तिनं बोट केलं. पाण्यापलीकडं दुसरं बेट होतं. लहान, त्यावर चिंचेचं वाळलेलं खोड. "ती आपली चिंच. चिंचेखालीच ठिवलंय त्याला."

"लांब हाय," श्रीमंत म्हणाला.

"चिंच म्हणले ना मी."

वारं तिथून सुटलं. मे महिन्यातलं दुपारचं वारं, धुळीनं पिवळं. मधल्या पाण्यात गेल्यावर काहील भोवऱ्यासारखी फिरायला लागली. आधी बेट समोर, मग धरणाची भिंत, मग पुन्हा मारुती. लाट कडेवरून आत आली. दाजीची पँट भिजली तसा तो अर्धवट उठला.

"बस!" श्रीमंत किंचाळला. "बस खाली, भाड्या! बस!"

दाजी धपकन बसला. काहील एका अंगाला झुकली, सरजाबाई समोरून सरकली, काहील सावरली.

मग सरजाबाई म्हणाली, "जावयाला असं बोलतूस?"

"बुडून मेल्यावर साहेब म्हणतो."

"असू द्या मामी," दाजी तांब्यानं पाणी उपसत म्हणाला. त्याचा चष्मा कधीच पाण्यात गेला होता. "बरोबर बोलला तो."

दुसऱ्या बेटाला काहील टेकली तेव्हा श्रीमंतच्या तळहाताची साल निघाली होती. सरजाबाई गुडघाभर चिखलातून चिंचेकडं निघाली. खोडाजवळ वाकली. हातानं माती उकरली. खोडाला गोल फिरली. एक दगड निघाला, साधा. दुसरा निघाला, विटेचा तुकडा. मग ती ताठ उभी राहिली आणि मागं मारुतीकडं बघायला लागली. मग सूर्याकडं. मग पुन्हा मारुतीकडं.

"काय झालं?" श्रीमंतनं विचारलं.

"ही पाटलाच्या मळ्यातली चिंच हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी उलटं धरलं रे. आपुन खालून यायचो. तिकडून मारुती डाव्या हाताला यायचा. आता वरून आलो तर..." तिनं दोन्ही हात पुढं केले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. मग एक हात हळूहळू पाण्याकडं वळवला. दोन बेटांच्या मधल्या पाण्याकडं. "आपली वस्ती खाली व्हती. ओढ्याच्या काठाला. आपली चिंच कवाच कुजून पडली आसंल."

श्रीमंत त्या पाण्याकडं बघत राहिला. पाटलाची चिंच वर आली होती, मारुती वर आला होता. त्यांचं काहीच वर आलं नव्हतं.

"आत्ता त्याच्या अंगावरनंच आलो आपुन," सरजाबाई म्हणाली. "आन् तू तिथंच वरडलास."

ती रडली असती तर बरं झालं असतं. श्रीमंतला वाटलं, तिला धरून हलवावं. तुझा एक मेला, मी हाय की गं, मी दिसत न्हाई का, असं काहीतरी ओरडावं. त्यानं मातीच्या ढेकळाला लाथ मारली.

"बस काहिलीत," तो म्हणाला. "मधी थांबू."

"वारं हाय, श्रीमंत," दाजी म्हणाला.

"तुमी हितं थांबा मग."

दाजीनं एकदा बेटाकडं बघितलं, एकदा पाण्याकडं. मग निमूट येऊन बसला आणि तांब्या हातात घेतला.

मारुती आणि चिंच एका रेषेत आले. सरजाबाई म्हणाली, "जरा इकडं. अजून. हां. हितं विहीर, हितं आपलं दार. हितंच." श्रीमंतनं बांबू पाण्यात सोडला. पुरुषभर गेला, अजून थोडा गेला आणि टेकला. मऊ. चिखल नुसता. त्यानं उचलून दोन हात पलीकडं टेकवला. मऊ. अजून एकदा. मऊच.

सरजाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"लागला," श्रीमंत म्हणाला.

"दगड?"

"हाव. दगड हाय. वाजला."

तिनं हात लांबवून बांबू धरला. काहील झुकली तसा दाजी न सांगता समोरून सरकला. वारं काहील ओढत होतं आणि श्रीमंत बांबूला छातीनं रेटून तिला जागेवर धरून होता. मेणबत्ती पेटेना. चार काड्या गेल्या. मग सरजाबाईनं ती न पेटलेलीच पाण्यात सोडली आणि डोळे मिटले.

त्रिशरण एकदा म्हणून झालं. दुसऱ्यांदाचं झालं. तिसऱ्यांदा मधेच ती अडकली. ओठ हलत राहिले, शब्द येईना. पाणी घोट्यापर्यंत आलेलं.

"ततियम्पि," दाजी हळूच म्हणाला. हातातला तांब्या चालूच होता. "ततियम्पि धम्मं..."

सरजाबाईनं त्याच्या मागून म्हटलं. शेवटपर्यंत म्हटलं. मग बांबूवरून हात फिरवला, वरून खाली, पाण्यापर्यंत, जशी ती पायरीच्या दगडावरून फिरवायची.

"खूण ठिव हितं," ती म्हणाली. "अजून पुरुषभर उतरलं की ये. उघडा करू त्याला."

श्रीमंतनं बांबू दोन्ही हातांनी खाली दाबला, अंगाचा सगळा भार टाकून दाबला आणि सोडून दिला. फळीनं काहील वळवली. काठ येईपर्यंत त्यानं मागं बघितलं नाही.

काठावर पंचशीला पोरगी कडेवर घेऊन उभी होती. तिनं आधी नवऱ्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, मग रडली. गुरुपादप्पा बांबूसाठी बोंबलला. मग आभाळाकडं बघून त्यानं हात जोडले. पश्चिमेला हातभर ढग आला होता. काठावरची पाच-सहा माणसं ढगाकडंच बघत होती.

"येऊ दे रे बाबा, यंदा तरी लवकर येऊ दे," अप्पा म्हणाला.

सरजाबाईनं ढगाकडं पाठ केली. "एवढ्यात नगं," ती पुटपुटली. ते फक्त श्रीमंतला ऐकू गेलं.

सामान काठावरच आणलेलं होतं. दाजीनं पिशव्या उचलल्या. फाट्यापर्यंत चालत जायचं होतं. श्रीमंतनं पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि मायच्या पाया पडायला वाकला. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती पाण्याकडं बघत होती. तिकडं मधोमध बांबू उभा होता. एवढ्या वाऱ्यात, एवढ्या लाटेत, सरळ. हलतसुद्धा नव्हता.

"लई खोल गेलाय," सरजाबाई म्हणाली.

श्रीमंतनं तिच्या पायांना हात लावला.

"दगडावर काठी रुतत न्हाई, श्रीमंता."

तिचा हात त्याच्या डोक्यावर आला, तिथंच राहिला. त्याला सांगायचं होतं की मी पुन्हा शोधतो, तीनदाच टेकवला होता मी, नीट शोधलंच न्हाई. लांब फाट्यावर धूळ उठली. पंचशीलानं हाक मारली. तिनं पुन्हा मारली.

"माय," तो म्हणाला, "मला निघाया पाहिजे आता."