पेन ड्राइव्हचं विरजण

आयक फक्त. मधात तोंड घालू नको, शेवटी तुलेच विचारणार आहे.

तो गजेंद्र आहे ना, पांढुर्ण्याच्या कापूस जिनिंगच्या मागच्या आळीतला, चालताना बी फोनकडे पाहून चालते तो? त्यानं एक टूल बनवलं आहे. नाव ठेवलं 'गठाण'. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याचा कोड असते एकीकडे, अन् त्याले लागणाऱ्या, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या लायब्रऱ्या इंटरनेटवर छत्तीस जागी. इकून कापूस टाकला का तिकून दाबून-बांधून गठाण बाहेर येते ना, तसं हे टूल सारं गोळा करते, जुळवते अन् चालता प्रोग्राम हातात देते. त्याले म्हणतात बिल्ड. अन् हे ओपन सोर्स बरं का, सारं उघडं. कोनीही वापरा, बिघडलं त तक्रार टाका, जमत असन त दुरुस्ती करून पाठवा. फक्त ती दुरुस्ती घ्यायची का नाई, हे गजेंद्रच्या हाती. पोलंडचा एक माणूस वापरते गठाण. ब्राझीलचे दोघं वापरतात. घरी त्याच्या बापाले, भाऊरावले, अजून वाटते का पोट्टं जिनिंगमध्येच लागलं आहे.

अन् गावची रीत त तुले माहीतच आहे. पोट्टे कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकत होते तवा नेट असं का एक लायब्ररी उतरवाले सकाळची दुपार व्हायची. मंग एकानं उतरवायचं अन् बाकीच्यांनी पेन ड्राइव्हमध्ये भरून न्यायचं. शेजारून वाटीभर विरजण आणतो ना आपण, तसंच. गजेंद्रचं लायब्रऱ्यांचं फोल्डर म्हणजे साऱ्या पोट्ट्यांचं विरजण. आता फोनमध्ये नेट धावते, पण रीत काही सुटली नाई. रोजचा डेटा कायले जाळायचा? तिगावचा वैभव घ्या, आळीतले चार जण घ्या, साऱ्यांचं दही त्याच एका वाटीतलं.

आता सौंसरची दामिनी. हिची न गजेंद्रची ओळख नाई, पाळख नाई. ऑनलाईन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरते, अन् उरलेल्या वेळात प्रोग्राम लिहिते. तिनं गठाण घेतलं. पेन ड्राइव्ह देणारं तिच्याकडे कोनी नव्हतं, म्हणून सारं नेटवरून उतरवलं, जसं गठाणच्या सूचनांत लिहिलं आहे तसं. बिल्ड लावला त एरर. 'फोल्डर सापडलं नाही.' तिनं तक्रार टाकली. नुसती बोंब नाई मारली बरं, सारं लिहिलं, कोनती मशीन, कोनती पायरी, एरर कुठं आला. नीट, एकाखाली एक.

गजेंद्रनं उत्तर टाकलं, "माझ्याकडे चालते. सूचना नीट वाचा."

तिनं नीट वाचल्या. पुन्हा टाकलं का अजून बी तेच येते. तवा त्यानं वैभवले फोन लावला, "तुह्याकडे चालते का बे?"

वैभव म्हणे, "धडाक्यात."

झालं! दोन मशीनवर चालते म्हणजे पोट्टीच भैताड. पोट्ट्यांच्या ग्रुपवर रोज तेच सुरू, "सौंसरवाली आली का आज?" "फोल्डर हरवलं, पोलिसात रिपोर्ट देऊन राहिली." गजेंद्र बी खाली अंगठ्याचे ठेंगे टाकून राहिला. तिसऱ्या वेळी तिनं तक्रारीसंगं स्वतः केलेली दुरुस्ती पाठवली. यानं उघडून नाई पाह्यली. बंद केली अन् वर लिहिलं, "आधी मूळ गोष्टी शिका." साऱ्या दुनियेसमोर. पोलंडच्या माणसानं बी वाचलं असन.

अन् इथंच खरी गोष्ट आहे. बाहेरच्या देशातल्या एका संस्थेची सहा महिन्यांची उमेदवारी असते, घरी बसून मोठ्या लोकांच्या हाताखाली शिकायची. दामिनीनं त्या उमेदवारीसाठी अर्ज केला होता. तिच्या सेंटरवर येणारा एकेक माणूस कोनत्या ना कोनत्या यादीत नाव लागावं म्हणून येते, अन् या पोट्टीनं पहिल्यांदा स्वतःचा फॉर्म भरला होता. अट एकच होती का कोन्या तरी ओपन सोर्स टूलनं तिची एक दुरुस्ती घेतलेली पाहिजे. दुरुस्ती पाठवतानाच तिनं भरोशानं गठाणचं नाव देऊन ठेवलं होतं. संस्थेनं गजेंद्रले मेल टाकला, ही मुलगी कशी आहे?

गजेंद्र तवा टपरीवर चहा पिऊन राहिला होता. एका हातात कप. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्यानं दोन ओळी लिहिल्या. 'तिची दुरुस्ती घेतलेली नाही. तिला साधा बिल्डही जमत नाही.' पाठवून दिलं. चहा बी नव्हता संपला.

मंग चार-पाच दिवसांनी त्याच्या लॅपटॉपची डिस्क उडाली. टक-टक-टक आवाज आला अन् गार. नवी बसवली. वैभव म्हणे, पेन ड्राइव्ह घेऊन येऊ का? पण याले चढला ताव. "मी बनवलं टूल, अन् मीच विरजण मागू का? नेटवरून उतरवतो." उतरवलं. बिल्ड लावला.

'फोल्डर सापडलं नाही.'

अबे, तेच! अक्षराले अक्षर. त्यानं चष्मा पुसून पाह्यला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सकाळपासून ते जेवणाच्या वक्तापर्यंत तो त्या एररसमोर बसून. माय, प्रमिलाबाई, दोनदा ताट झाकून गेली. शेवटी वैभवले बोलावलं, त्याचा पेन ड्राइव्ह लावला, अन् नेटवरचं फोल्डर अन् पेन ड्राइव्हचं फोल्डर शेजारीशेजारी ठेवून पाह्यलं, कुठं फरक आहे.

हजारो ओळींत एका ओळीचा फरक. दुसऱ्या कोन्या माणसाची लायब्ररी, तिच्या पोटात कोनी तरी हात घालून एक ओळ वाढवली होती. अन् त्या ओळीच्या शेजारी टीप होती. 'गजू. तात्पुरतं आहे. उद्या काढतो.' तारीख दोन वर्षांपूर्वीची.

वैभव पाहून राहिला टिपेकडे, मंग गजेंद्रकडे. म्हणे, "गजू म्हणजे तूच ना बे?"

दोन वर्षांपूर्वी कोनाले तरी घाईनं दाखवायचं होतं, म्हणून यानं फोल्डर बनवायची ती ओळ आपल्याच मशीनवर ठोकली होती, अन् विसरला. मंग तेच विरजण साऱ्या पोट्ट्यांकडे गेलं. ज्यानं ज्यानं पेन ड्राइव्हवरून घेतलं, त्याचं चाललं. पोलंड-ब्राझीलवाल्यांकडे ते फोल्डर आधीपासूनच पडून होतं, म्हणून त्यांले कळलं नाई. जिनं इमानदारीनं नेटवरून घेतलं, तिचंच फुटलं. म्हणजे साऱ्यांत बरोबर एकटी तीच होती.

गजेंद्रचे कान असे तापले का चष्म्याच्या दांड्या गरम लागाले लागल्या. वैभव म्हणे, "ग्रुपवर टाकू का?" हा म्हणे, "खबरदार!"

आता इथं त्यानं काय केलं ते आयक. त्यानं ती ओळ गठाणमध्ये नीट बसवली, आपल्या नावानं, अन् वर लिहिलं, 'किरकोळ साफसफाई.' बस. कोनाले कळणार नाई. कोंबडं झाकून ठेवलं.

पण मनाले चैन पडते का? त्यानं दामिनीची बंद केलेली दुरुस्ती उघडली. पहिल्यांदा. अन् त्यात हीच ओळ. याच जागी. एक महिना आधीची. खाली तिनं समजावून बी लिहिलं होतं, "सर, कदाचित तुमच्या मशीनवर जुनं फोल्डर शिल्लक असेल, म्हणून तुम्हाला हा एरर दिसत नसेल. एकदा कोऱ्या मशीनवर बघता का?"

सर म्हणे त्याले! कदाचित म्हणे!

अन् तो हे वाचूनच राहिला होता, तं त्याच्या 'किरकोळ साफसफाई'च्या खाली तिची एक ओळ येऊन पडली. "आता चालते. धन्यवाद." शिवी दिली असती त बरं झालं असतं बे.

दुसऱ्या दिवशी वैभवची गाडी मागून तो सौंसरले गेला. संस्थेची शेवटची तारीख शुक्रवार होती अन् तो दिवस गुरुवार. वाटेत माफीची दहा वाक्यं जुळवली. सेंटरवर पोचला त ही गर्दी, कोनाची पेन्शन अडकली, कोनाचा अंगठा मशीन घेत नाई. हा सरळ खिडकीकडे निघाला, तं अंबाबाई नावाच्या एका म्हातारीनं शर्टच धरला.

"लाईनीत ये बावा. आमी काय इथं लग्नाले आलो?"

"आजी, माह्यं फॉर्मचं काम नाई. मले फक्त बोलायचं आहे."

"मले बी बोलायचंच आहे. कवाचा अंगठा दाबून राहिली, मशीन म्हणते तू तू नाईस. लाग मागं."

लागला मागं. पाऊण तास. पोट्टी दिसून राहिली होती त्याले. ओढणी खांद्यावर आवळून बांधलेली. अंबाबाईचा अंगठा चार वेळा नाई लागला, तवा हिनं ओल्या फडक्यानं म्हातारीचं बोट पुसलं, फुंकर मारली, पुन्हा टेकवलं. पाचव्यांदा लागला. एकदा बी नाई म्हणे का तुमचंच बोट खराब आहे. गजेंद्रनं मान खाली घातली अन् जुळवलेली दहाच्या दहा वाक्यं विसरला.

नंबर आला. तिनं वर न पाहता हात पुढं केला, "कागद द्या."

"कागद नाई. मी... गजेंद्र. पांढुर्ण्याचा. गठाणवाला."

तिचा हात तिथंच थांबला. म्हातारी बी जायची थांबली.

"बोला सर. फोल्डर सापडलं का?"

"सापडलं. चूक माही होती. तुमची दुरुस्ती बरोबर होती अन् मी ती... मी ती उघडूनच नव्हती पाह्यली. अन् काल माह्याच नावानं टाकली."

"पाह्यलं मी. किरकोळ साफसफाई." तिचा आवाज काही चढला नाई. "तुम्ही पांढुर्ण्याचे ना? बरोबर आहे. आधी गोटा मारायचा, मंग पलीकडं येऊन विचारायचं, लागला का."

लाईनीतले हसले; नदीच्या दोन काठांवरून गोटे मारायची पांढुर्ण्याची गोटमार साऱ्यांले माहीत. गजेंद्र बी हसाले गेला, पण तोंड वाकडंच झालं.

"मी माफी मागाले आलो."

"माफीचा फॉर्म नाई सर आपल्याकडे." मंग तिनं कीबोर्ड बाजूले सारला. "दोन कामं करा. माह्या कामावर माह्यं नाव टाका. अन् त्या संस्थेले कळवा का तुम्ही लिहिलं ते खोटं होतं. मले त्यांनी तुमचा मेल दाखवला. साधा बिल्ड जमत नाई म्हणे!" इथं मात्र तिचा आवाज फाटला. "चला, सरका. मागचे खोळंबले."

गजेंद्रनं सौंसरच्या स्टँडवरच, गाडीच्या सीटवर लॅपटॉप ठेवून सारं केलं. आपली ओळ मागं घेतली, तिची तिच्या नावानं घेतली. संस्थेले लिहिलं. अन् गठाणच्या पहिल्या पानावर साऱ्यांसमोर खरं लिहिलं. विरजण, 'उद्या काढतो', बंद केलेली दुरुस्ती, चहाचा कप, काही लपवलं नाई.

तुले वाटते इथं संपली? पुढचं आयक.

शुक्रवारी संस्थेचं उत्तर आलं. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण आपला पहिला मेल आला त्याच दिवशी तिचं नाव काढलं होतं अन् जागा दुसऱ्याले गेली. पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

अन् इकडे गजेंद्रचं ते पान पसरलं. इतकं पसरलं का विचारू नको! पोलंडवाल्यानं लिहिलं, असा माणूस पाहिजे. कोनी म्हणे हिंमत, कोनी म्हणे आदर्श. लाल बदामांचा पाऊस. ज्या पोट्ट्यांनी 'सौंसरवाली' म्हणून ठेंगे टाकले होते, तेच आता लिहून राहिले, "गजूभाऊ, मन जिंकलं." दामिनीचं नाव? आहे ना, त्यातच आहे. सातव्या ओळीत. तिथपर्यंत कोन वाचते?

वरून नागपूरच्या एका मोठ्या संमेलनाचं बोलावणं आलं. मंचावर या अन् 'चूक कबूल करण्याची हिंमत' यावर अर्धा तास बोला. शाल-श्रीफळ बी आहे. भाऊरावनं मोहगावपर्यंतच्या सोयऱ्यांले फोन लावले, पोट्ट्याचा सत्कार आहे म्हणून. कायचा ते त्यालेच नाई माहीत. प्रमिलाबाई कौतुकानं ताट वाढते, अन् गजेंद्र ताट तसंच सरकवून उठते.

त्यानं दामिनीले फोन लावला. म्हणे, "माह्या जागी तुम्ही बोला. मी त्यांले सांगतो."

ती म्हणे, "त्यांनी मले बोलावलं का?"

"नाई, पण मी सांगतो ना."

"म्हणजे तुम्ही बोट दाखवान अन् मी उभी राहू. ही पाहा, हिलेच गोटा लागला होता." मंग म्हणे, "गोटा तुम्ही मारला सर, टाके मले पडले, अन् शाल तुमच्या खांद्यावर. आता टाळ्या वाजवाले बी मीच येऊ का?"

"मंग मी नाई म्हणून सांगून देतो त्यांले."

"सांगा. म्हणजे अजून मोठे व्हान. शाल बी नाकारली म्हणतीन." मागून कोन्या माणसाचा आवाज आला, माह्या पेन्शनचं काय झालं म्हणून. तिनं फोन ठेवला.

उद्या सकाळपर्यंत नागपूरले कळवायचं आहे. कालपासून गजेंद्र फोन हातात घेऊन बसला आहे. 'येतो' लिहिते अन् खोडते, 'येत नाही' लिहिते अन् ते बी खोडते. गेला त टाळ्या याच्याच. नाई गेला तरी याच्याच. अन् चूप बसला त त्या पोट्टीचं नाव सातव्या ओळीतच राहते.

आता बोल. तू असता त काय केलं असतं बे?