न्यायशिळेचा हलता दात

डोंगरात कोरलेला जुना मठ पाहायला आलेली माणसं मठ कसाबसा उरकून मागच्या सुळक्यांकडे धावत होती. तिथे खोलीएवढा एक धोंडा नुसता टेकवून ठेवल्यासारखा उभा होता. शिळेचा सेवक म्हणवणारा एक दाढीवाला सांगत होता, निष्पाप माणसानं हात लावला की शिळा डुलते. पाप्यानं डोकं आपटलं तरी ढिम्म. समोर दोघांनी रेटली, ती डुलली, गर्दीनं हात जोडले.

सासूबाईंबरोबर आलेल्या दोन सुनांपैकी थोरलीनं जोडले नाहीत. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायची आणि घरी स्वतःचं मिटून ठेवायची. ती पाहत होती, की कुणी कुठं उभं राहायचं ते दाढीवालाच ठरवतोय.

सहल नावाचीच होती. नणंदेचं ठरलेलं लग्न कुणाच्या तरी निनावी फोनमुळे मोडलं होतं आणि सासूबाईंचा संशय धाकट्या सुनेवर होता. शिळा हलली नाही, तर धाकटीनं इथूनच माहेरची वाट धरायची. चढणीवर सासूबाईंनी हे सगळं दाढीवाल्याच्या कानात ओतलंही होतं.

त्यानं धाकटीला शिळेच्या टोकाशी उभं केलं. तिनं सगळं बळ लावलं. शिळा ढिम्म. सख्ख्या लेकीनं नाक कापल्यासारखा सुस्कारा दाढीवाल्यानं सोडला.

थोरली वाकून शिळेखाली डोकावली. शिळा एका लांब कडेवर टेकली होती. कडेच्या दोन्ही अंगांना घासून पडलेली भुकटी होती, टोकांना काहीच नाही.

"आई, धाकटीच्या जागी तुम्ही या. रेटा."

सासूबाई लाल होईपर्यंत रेटत राहिल्या. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मनात किंतु असेल तर शिळा रुसते, असं दाढीवाला पुटपुटला.

"म्हणजे आमच्या सासूबाई पापी का?" थोरलीनं विचारलं.

थोरली शिळेच्या लांब बाजूला गेली आणि तळहातानं शिळेला हलके झोके देऊ लागली. झोका परत आला की पुन्हा रेटा. शिळा डुलू लागली.

"हलणारा दात आडवा हलतो, लांबीत नाही. ज्याला पुण्यवान ठरवायचं त्याला हे इथं उभं करतात, ज्याला बुडवायचं त्याला तिथं टोकाशी."

हा मठाचा अपमान आहे, असं दाढीवाला ओरडला.

"मठवाल्यांनी छिन्नीनं डोंगर फोडलाय. दगडाला विचारत बसले असते, तर एक खोलीही झाली नसती."

आता माणसं स्वतःच दोन्हीकडून रेटून पाहू लागली. सासूबाई धाकटीला हळूच म्हणाल्या, "मग तूही या बाजूनं हलव गं. म्हणजे मिटलं."

धाकटीनं हात मागे घेतले.

"नाही लावणार हात. दगड हलला म्हणून मी खरी, असलं खरेपण मला नको. संशय तुम्हाला आहे ना? मग मला विचारा. इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नाहीत."

सासूबाईंनी थोरलीकडे पाहिलं. तिनं तोंड मिटून घेतलं होतं; पुढचं बोलणं तिचं नव्हतंच. वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात कुणाविषयी शंका असेल, तर डोंगर चढू नका. समोर बसा आणि विचारा.

सासूबाई शिळेकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"केलास का गं तो फोन?"

"नाही."