चुकलं की वाजवा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. शाळेतली नाही हं मित्रांनो, त्यामुळे मला ऐकून कुणी दप्तर उचलून पळालं नाही! मी राहते रुग्णवाहिका दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात.

मला टांगलं थोरल्या मिस्त्रींनी. आमचं गॅरेज झटपट कामासाठी नावाजलेलं, आणि घाईत माणूस चुकणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून नियम केला: आपल्या हातून चूक झाली की घंटा वाजवायची, बाकीच्यांनी मदतीला धावायचं. पहिल्यांदा मला वाजवलं तेही त्यांनीच.

"ऑइल भरलं, पण झाकण लावायला विसरलो रे!"

"मिस्त्री, डोक्याचं झाकण तरी जागेवर आहे ना?"

सगळे खो खो हसले. हसता हसता झाकण लागलंसुद्धा. पुढे मी रोज वाजायचे आणि गाड्या ठणठणीत होऊन बाहेर पडायच्या.

मग मिस्त्री निवृत्त झाले, नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण चूक म्हटली की त्यांच्या कपाळावर आठ्या. घंटा वाजवणाऱ्याचं नाव ते फळ्यावर लिहायला लागले. झालं! मी मुकीच झाले.

"बघा, चुका बंद!" साहेब खूश.

कसल्या बंद? आता त्या गुपचूप झाकल्या जायच्या. माझ्या पोटात तर कोळ्याने संसार थाटला.

एके दिवशी चाकांचं काम बघणाऱ्या आक्कांना अर्ध्या कामातून दुसऱ्या गाडीकडे बोलावलं. परतल्या, तर त्यांची गाडी पेशंट आणायला निघालेली! मागच्या चाकाचे नट त्यांनी नुसते हाताने फिरवले होते, पाना लावायचा राहिला होता. हे फक्त त्यांनाच माहीत. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मला असं दणकून वाजवलं की कोळी टपकन खाली!

"थांबवा गाडी! मागचं चाक सैल आहे! माझं चुकलं!"

गाडी फाटकातच थांबली. सगळे पाने घेऊन धावले, नट आवळले, गाडी सुसाट गेली.

साहेबांनी खडू उचलला. पण त्यांची नजर रिकाम्या फाटकाकडे गेली. मग बाहीनेच त्यांनी फळा पुसला.

"आक्का, बरं झालं बोललात."

आणि माझ्याजवळ येऊन त्यांनी मला हळूच वाजवलं. "माझंही चुकलं."

मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, जरा जोरात! इकडे ऐकू नाही आलं!"

साहेबांनी हसत हसत मला पुन्हा वाजवलं, चांगलं दणक्यात.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत नाही ठेवलं तरी चालेल. पण तुमच्यातलं कुणी 'माझं चुकलं' म्हणालं, तर आधी धावत जा. रागवायचं ते मग बघू.