सकाळची फेरी रद्द

चाळीस वर्षांच्या संसारात तात्यांनी भीमाबाईंपासून काही लपवलं नव्हतं. आता लपवत होते ती एक वही.

वही इस्पितळाची होती. तात्यांचा, म्हणजे कुंडलिकचा, फुप्फुसाचा कॅन्सर सापडला तोवर तो हाडापर्यंत पोचला होता. ठाण्याच्या डॉक्टर रुपालींनी त्यांना नव्या औषधांच्या एका चाचणीबद्दल सांगितलं. अशा गाठीवर नेमका मारा करणारी एक गोळी आहे, पण गाठ बेरकी, तिचा एक रस्ता अडवला की ती दुसरा काढते. म्हणून दोन गोळ्या एकदम द्यायच्या आणि दोन्ही रस्ते अडतात का ते बघायचं. खोपटच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्मभर एसटीच्या गाड्या सोडलेल्या माणसाला हे ताबडतोब पटलं. त्यांनी सही ठोकली. अट एवढीच, की सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायच्या आणि रोज वहीत नोंद करायची. फार चुकल्या तर चाचणीतून बाहेर.

मग काय, डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत पुन्हा डेपो सुरू झाला. "ऑफिशियल कागद आहे, हात लावू नको," असं बजावून तात्या वही कपाटात ठेवू लागले. गोळ्याही घ्यायचे ते खिडकीकडे तोंड करून, बायकोकडे पाठ. तोंड येऊन भाकरी सुटली, चेहऱ्यावर पुरळ उठलं, तरी हूं की चूं नाही. भीमाबाई मऊ भात करायच्या आणि त्या पाठीकडे बघत बसायच्या.

खोकल्याने तात्यांची एकुलती एक कलाही हिरावली होती. लग्न असो की बारसं, ठाणे-नाशिक गाडीचे सगळे थांबे ते एका दमात म्हणून दाखवायचे. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात ते पडघ्यालाच अडकले. त्या खोकल्यापायीच तर डॉक्टरकडे जाणं झालं.

दोन महिन्यांनी तपासणीचा दिवस आला. चाचणीचं काम बघणारी समृद्धी वहीची पानं उलटता उलटता गंभीर झाली.

"काका, रोज वेदना होत होत्या, तर फोन नाही का करायचा? आणि हे काय, अकरा दिवस दोन्ही वेळा रद्द? गोळ्या घेतल्याच नाहीत तुम्ही?"

भीमाबाईंना आठवली ती खिडकी, ती पाठ. आधी त्यांना भयंकर राग आला आणि रागाच्या मागोमाग भीती.

"अहो, टाकून देत होतात का गोळ्या? चाचणीतनं काढलं तर काय करायचं आपण?"

"कसल्या वेदना?" तात्यांनी चष्मा लावला. "हे 'वे.' लिहिलंय ना पोरी, ते वेळेवर. गोळी वेळेवर घेतली."

"आणि रद्द?"

"ती खोकल्याची नोंद. सकाळ-संध्याकाळ त्याच्या दोन फेऱ्या ठरलेल्या असायच्या, वर जादा गाड्या वेगळ्याच. गेले अकरा दिवस तो आलेलाच नाही. गाडी आली नाही की रद्दच लिहितात, दुसरं काय लिहिणार?"

समृद्धीने तरी डब्यांतल्या गोळ्या ओतून मोजल्या. राहायला हव्या होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या. मग मात्र तिला हसू आवरेना.

"मग पाठ का करायचात?" भीमाबाई अजून धुसफुसत होत्या.

"तोंड आलेलं, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. तू कशाला बघायचं ते?"

भीमाबाईंनी वही उचलून आपल्या पिशवीत ठेवली.

डॉक्टर रुपालींनी स्कॅन दाखवला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. "बरे झालात असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "गोळ्या तिला किती दिवस धरून ठेवतात, तेच आपण बघतोय. पण आज खूश व्हा." भीमाबाई तिथेच मोठ्याने रडल्या, आणि त्यांना त्याची जराही लाज वाटली नाही.

घरी जाण्याऐवजी तात्यांनी रिक्षा खोपटला वळवली. नियंत्रण कक्षात त्यांच्या हाताखाली तयार झालेला भगवान बसला होता.

"जयभीम तात्या, आज इकडे कुठे?"

"जयभीम. नाशिक लागलीय ना? माईक दे."

भीमाबाई फलाटावरच्या बाकावर बसल्या. वर कर्णा खरखरला.

"ठाणे-नाशिक, भिवंडी, पडघा..." भीमाबाईंनी पदर मुठीत धरला. "...वाशिंद, आसनगाव, शहापूर, खर्डी, कसारा..."

आवाज थांबला. कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू येऊ लागला. भीमाबाई अर्ध्या उठल्या.

"कसाऱ्याला गाडी जरा थांबेल," तात्यांचा आवाज आला, "पुढे घाट आहे. प्रवाशांनी चहा घ्यावा." फलाटावरची माणसं हसली. "इगतपुरी, घोटी, नाशिक."

भीमाबाईंनी पिशवीतून ती ऑफिशियल वही काढली, बाकावरच उघडली आणि त्या दिवसाच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: दुपारची गाडी नाशिकला पोचली. समृद्धीने त्याचा काय अर्थ लावायचा तो लावावा.