वाफ्यातल्या गोळ्या

सूनबाईचं जेवणाच्या टेबलावरचं भाषण घरात सगळ्यांना पाठ होतं. "औषधं मोरीत ओतायची नाहीत, संडासात टाकायची नाहीत, कचऱ्यात फेकायची नाहीत!" हे ती अशा काही सुरात म्हणायची की एकदा तिच्या नवऱ्याने हातातली जास्तीची गोळी डोकं दुखत नसतानाही गिळून टाकली होती. पण तिचं तरी काय चुकत होतं? तिचा पोटापाण्याचा उद्योगच तो. प्रयोगशाळेत ती बरण्यांत माती भरायची, तिच्यात औषध मिसळायची आणि ते किती दिवस टिकतं ते बघत बसायची. माणसांनी घेतलेलं औषध सांडपाण्याबरोबर शेतात पोचतं. काही औषधं तिथे पाहुण्यासारखी येऊन जातात, काही घरजावयासारखी मुक्काम ठोकतात.

यंदाच्या प्रयोगावर तिची नोकरी टांगलेली होती. इन्फेक्शनवरचं एक जुनं औषध चार बरण्यांत सारखंच मिसळायचं. तीन बरण्यांत वेगवेगळ्या शेतांतली माती, चौथीत तुलनेसाठी स्वच्छ माती, जिने आजवर औषधाचं तोंडही पाहिलेलं नाही. अशी माती शोधत कशाला फिरायचं, म्हणून तिने घरामागच्या वाफ्यातली घमेलंभर उचलली.

तो वाफा तिच्या सासऱ्यांचा. अण्णांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. निवृत्तीनंतर दोन वर्षं आजारी बायकोची सेवा केली, आणि ती गेल्यापासून ते सकाळी अंथरूण सोडायचे ते केवळ त्या वाफ्यासाठी. टोमॅटो, पालक, कडेला कोथिंबीर. नातीला, म्हणजे छोटीला, रोपावरचा टोमॅटो तोडून देताना अण्णांच्या तोंडावर जे हसू यायचं, तेवढंच काय ते घरात त्यांचं हसू उरलं होतं.

आणि नेमकी त्याच मातीची बरणी दगा देऊ लागली. शेतांच्या मातीतून औषध हलायचं नाव घेईना, आणि वाफ्याच्या मातीतून ते बघता बघता बेपत्ता.

"तू औषध घालायलाच विसरलीस," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या.

"नाही हो मॅडम, घातलं होतं."

पुन्हा घातलं, पुन्हा गायब. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की समोरच्याने खुर्ची घट्ट धरायची असते.

"आता शेवटची संधी. ही एकच बरणी सगळा प्रयोग खोटा पाडतेय. या वेळी जमलं नाही, तर पुढच्या वर्षी तुला ठेवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

तिसऱ्या वेळी तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला साक्षीला उभं केलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत औषध घातलं. आठवड्याभरात तेही गडप. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तिने केलं. काहीही न मिसळता वाफ्यातली नुसती माती यंत्रात तपासली.

मातीत औषधांचं अख्खं दुकान निघालं. रक्तदाबाचं, झोपेचं, गुडघेदुखीचं, काय वाटेल ते; नव्हतं ते फक्त प्रयोगातलं औषध. इतकी घाणेरडी माती तिने कुठल्या शेतातही पाहिली नव्हती. जगभरची माती तपासणाऱ्या बाईच्या घरी हा दिव्याखाली अंधार! ती तशीच तडक घरी गेली.

अण्णा टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते.

"अण्णा, तुम्ही वाफ्यात औषधं टाकता?"

"छे छे! टाकतो कसला? नीट खड्डा करून पुरतो." अण्णांची मान ताठ झाली. "मोरीत नाही, संडासात नाही, कचऱ्यात नाही. मग राहिलं काय? शेजारच्या बायकांनाही मी दम भरलाय. मोरीत टाकाल तर खबरदार, माझ्याकडे आणून द्या म्हटलं."

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! सूनबाईने कपाळाला हात लावला आणि तिथेच मातीत बसली.

"अण्णा, अहो, औषधवाल्याच्या दुकानात पेटी असते. उरलेली औषधं त्या पेटीत टाकायची."

"हे तू कधी म्हणालीस?"

ती कधीच म्हणाली नव्हती.

मग अण्णांची नजर टोमॅटोंवर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. "छोटी रोज खाते हे. मी विष घातलं का गं पोरीच्या तोंडात?"

सूनबाईने त्यांना खोटा धीर दिला नाही. हाताला लागतील तेवढे टोमॅटो पिशवीत भरले आणि ती परत प्रयोगशाळेत गेली. फळांत औषध जेमतेम सापडलं, छोटीला काही अपाय होण्याइतकं मुळीच नाही. तिचा जीव भांड्यात पडला. तरी यापुढे त्या वाफ्यातलं पानही खायचं नाही, हे तिने ठरवलं.

ती घरी पोचली तेव्हा अण्णांनी अर्धी रोपं उपटून फेकली होती. हातात फावडं होतं आणि श्वास लागला होता.

"सगळी माती काढून टाकतो. हा वाफाच नको आता."

तिने फावड्याचा दांडा धरला. सासऱ्यांच्या हातातून काही ओढून घ्यायची तिची ही पहिलीच वेळ.

"अण्णा, छोटी ठीक आहे. आणि ही माती फेकायची नाही. या मातीला त्या एका औषधाची इतकी सवय झालीय की तिच्यातले जंतू ते खायला शिकलेत. मी तीनदा माझी चूक समजून रडले, ती या मातीची करामत आहे. मी इतकी वर्षं अशी माती शोधतेय, आणि ती माझ्या मागच्या दारी!" मग घाईघाईने म्हणाली, "म्हणून पुन्हा पुरायचं नाही हं. बाकीची औषधं तशीच पडून आहेत."

अण्णांनी फावडं जमिनीला टेकवलं.

"कुठलं औषध म्हणालीस?"

तिने नाव सांगितलं.

"हिच्या गोळ्या त्याच. ताप हटेना, डॉक्टर देत राहिले, गुण काही आला नाही. ती गेल्यावर पाकिटं उरली. लोकांच्या गोळ्यांत ती मिसळवेनात मला." त्यांनी फावडं सोडलं, नळाजवळच्या कोपऱ्यात गुडघे टेकले आणि हाताने माती उकरून तिच्यापुढे धरली. "इथली घे, नळाचं पाणी इथूनच वाफाभर जातं. या कोपऱ्यात फक्त तिच्याच आहेत."

मॅडमनी सगळे आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. या वेळी चष्मा नाकावरच राहिला.

"तुझं पुढचं वर्ष मी मागून घेते. आणि सासऱ्यांना सांग, वाफ्याला कुणाला हात लावू देऊ नका. फुलं लावा म्हणावं."

संध्याकाळी अण्णा पायरीवर बसले होते. सूनबाई त्यांच्याशेजारी बसली. नोकरीचं सांगून झालं, फुलांचं सांगून झालं. कोपऱ्यातल्या मातीचं सांगायला मात्र तिची जीभ रेटेना. बायकोची एवढीच वस्तू या माणसाने जपून ठेवली होती.

"अण्णा, नळाजवळ आईंच्या औषधाचा कणही उरलेला नाही. सगळं खाऊन टाकलंय मातीने."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

अण्णांनी डोळे पुसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "तिला त्या गोळ्या कधीच नको असायच्या."